खातेवही आणि दिनदर्शिका

३१ जुलै २०१७ रोजी अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात, जेन्किन्सव्हिल गावाजवळ चाललेले दोन अणुभट्ट्यांचे बांधकाम थांबवण्यात आले. कामावरच्या पाच हजारांहून अधिक माणसांची नोकरी गेली. ‘व्ही. सी. समर’ या जुन्या अणुवीज केंद्राच्या आवारात उभ्या राहत असलेल्या या दुसऱ्या आणि तिसऱ्या भट्टीवर तोवर सुमारे नऊ अब्ज डॉलर खर्च झाले होते. प्रकल्पाचे मालक दोन होते. त्यांतली ‘सँटी कूपर’ ही राज्याच्या मालकीची वीजसंस्था. काम चाळीस टक्केही झालेले नाही, असे तिने प्रकल्प सोडताना सांगितले. दुसरी मालक ‘स्काना’ समूहातली खासगी वीज कंपनी. तिच्या ग्राहकांच्या बिलात या भट्ट्यांपायी नऊ वेळा दरवाढ झाली होती आणि अखेरीस घरगुती बिलाचा सुमारे १८ टक्के भाग एकट्या याच प्रकल्पाचा होता. या भट्ट्यांतून विजेचे एक युनिटही बाहेर पडले नाही.

अणुऊर्जेविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा किरणोत्साराबद्दल, अपघातांबद्दल किंवा बाँबबद्दल असते. जेन्किन्सव्हिलला यांतले काहीच घडले नाही. तिथे स्फोट झाला नाही, गळती झाली नाही. तिथे जे बिघडले ते हिशेबात बिघडले. पैशाचा हिशेब एका वहीत, दिवसांचा दुसऱ्या वहीत, आणि दोहोंची गाठ कुणी घालायची नाही, अशी ती व्यवस्था होती. ही गाठ कशी घालतात, अणुवीज प्रकल्पांत ती घालणे इतके कठीण का असते आणि ती न घातल्यास किंमत कोण मोजतो, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

दोन वह्या

कोणत्याही मोठ्या बांधकामावर दोन खाती शेजारी शेजारी नांदत असतात. एक नियोजनाचे. त्याच्या भिंतीवर कामांची यादी आणि तारखा असतात: पायाचे काँक्रीट अमुक आठवड्यात, त्यावर भिंती, मग नळ, मग तारा. दुसरे हिशेबाचे. त्याच्या वहीत सिमेंट, पोलाद, मजुरी, भाडे, व्याज अशी खाती असतात. नियोजनवाला कामे मोजतो, हिशेबनीस रुपये मोजतो. दोघेही प्रामाणिक असले तरी त्यांची भाषा वेगळी असते. भिंतीवरच्या यादीतले ‘तिसऱ्या मजल्यावरचे नळ’ हिशेबाच्या वहीत कुठल्याच एका पानावर सापडत नाहीत. ते पोलादात थोडे, मजुरीत थोडे, क्रेनच्या भाड्यात थोडे असे विखुरलेले असतात.

दिवसांच्या हिशेबाचे आधुनिक शास्त्र तसे तरुण आहे. १९५७च्या सुमारास ड्यूपाँट या रसायन कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत विकसित झाली आणि १९५८मध्ये अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या कामासाठी ‘पर्ट’ नावाची तिची भावंड शोभेल अशी पद्धत आणली. कल्पना सोपी आहे. शेकडो कामांपैकी काही एकमेकांच्या मागे अशी बांधलेली असतात की पहिल्याला उशीर झाला की शेवटची तारीख तेवढीच पुढे जाते. कामांची ही सर्वांत लांब साखळी म्हणजे ‘क्रिटिकल पाथ’. बाकीच्या कामांना थोडी सवड असते, या साखळीला नसते. लग्नघरात मांडव, दागिने, आचारी यांची धावपळ एकाच वेळी चालते, पण मुहूर्त अडतो तो एखाद्याच गोष्टीवर. ती कोणती हे आधी ओळखणे म्हणजे हे शास्त्र.

पण साखळी दिवस सांगते, पैसे सांगत नाही. पैसे आणि दिवस एका मापाने मोजण्याचे नियम अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७मध्ये आपल्या ठेकेदारांना लागू केले. त्यांतून आज ‘अर्न्ड व्हॅल्यू’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत रूढ झाली. मराठीत तिला ‘कमावलेले मूल्य’ म्हणता येईल.

शंभर फुटांची भिंत

समजा, आपल्याला शंभर फूट लांबीची कुंपणाची भिंत बांधायची आहे. गवंड्याशी ठरले की दहा दिवस लागतील, रोज दहा फूट होईल आणि एकूण खर्च एक लाख रुपये येईल. म्हणजे फुटामागे हजार रुपये. सहा दिवस झाले. हिशेबाची वही उघडली तर साठ हजार खर्च झालेले दिसतात. ठरलेही तेवढेच होते. वहीप्रमाणे सारे सुरळीत आहे. गवंडी रोज वेळेवर येतो, त्याचे बिगारीही येतात. हजेरीपटाप्रमाणेही सारे सुरळीत आहे.

आता अंगणात जाऊन भिंत मोजा. ती चाळीस फूट आहे.

ठरलेल्या दराने चाळीस फुटांची किंमत चाळीस हजार. हे झाले कमावलेले मूल्य. साठ हजार खर्चून चाळीस हजारांचे काम पदरात पडले, म्हणजे रुपयाला सुमारे सदुसष्ट पैशांचे काम मिळाले. वेग असाच राहिला तर भिंतीला एक लाखाऐवजी दीड लाख लागतील आणि दहा दिवसांऐवजी पंधरा. ही बातमी सहाव्या दिवशीच मिळाली. ती दोन्ही वह्यांत नव्हती, अंगणात होती. नुसता खर्च पाहणाऱ्याला आणि नुसती हजेरी पाहणाऱ्याला ती दहाव्या दिवशी, पैसे संपल्यावर कळली असती.

म्हणून या पद्धतीत आकडे दोन नसतात, तीन असतात. आजपर्यंत किती रुपयांचे काम व्हायला हवे होते, किती रुपये खर्च झाले आणि किती रुपयांचे काम खरोखर झाले. पहिले दोन आकडे कार्यालयात बसून मिळतात. तिसऱ्यासाठी फीत घेऊन अंगणात जावे लागते. सारा झगडा या तिसऱ्या आकड्याचा आहे.

‘झाले’ म्हणजे काय?

भिंत फुटांत मोजता येते. अणुवीज केंद्रातल्या नळाचे काम कधी ‘झाले’ म्हणायचे? नळ कारखान्यातून आला तेव्हा? आधारांवर टांगला तेव्हा? सांधा वेल्डिंगने जोडला तेव्हा? त्या सांध्याचा क्ष-किरण फोटो निघून तो पास झाला तेव्हा? पाण्याचा दाब देऊन नळ तपासला तेव्हा? की वेल्डर कोण होता, त्याचे प्रमाणपत्र कोणते, धातू कुठल्या वाफ्याचा, तपासणी कुणी केली, हे सारे कागद सह्यांसह फाइलीत लागले तेव्हा?

साध्या कारखान्यात वेल्डिंग झाले की काम झाले. अणुवीज केंद्रात कागद लागेपर्यंत काम झालेले नसते, कारण सुरक्षेची हमी त्या कागदांवर उभी असते. म्हणून प्रत्येक टप्प्याला किती गुण द्यायचे हे आधी ठरवून ठेवावे लागते, आणि शेवटच्या टप्प्यासाठी घसघशीत गुण राखून ठेवावे लागतात. ते न केल्यास प्रकल्प नव्वद टक्के लवकर गाठतो आणि तिथेच वर्षानुवर्षे बसून राहतो.

जॉर्जिया राज्यातल्या ‘व्होग्टल’ केंद्राच्या तिसऱ्या भट्टीत हे दिसले. ‘समर’सारख्याच आराखड्याची ही भट्टी. २०२१मध्ये, बांधकाम संपत आलेले असताना, सुरक्षेशी निगडित विजेच्या तारा ठरलेले अंतर राखून टाकलेल्या नाहीत असे अमेरिकी अणुनियामक आयोगाच्या तपासणीत आढळले. झालेले म्हणून मोजलेले काम उकलून पुन्हा करावे लागले. २०२२च्या सुरुवातीला आणखी काही महिन्यांचा उशीर जाहीर झाला तेव्हा दिलेले एक कारण होते तपासणीचे अपुरे आणि न सापडणारे कागद.

या पद्धतीतही एक फट आहे, तीही सांगायला हवी. गुण सगळ्याच कामांना मिळतात. ठेकेदाराला ते गोळा करायचे असतील तर तो साखळीतले अवघड काम बाजूला ठेवून कार्यालयाची इमारत, रस्ते, रंगकाम उरकून घेतो. कमावलेले मूल्य वाढते, शेवटची तारीख तसूभरही जवळ येत नाही. म्हणून गुणांची बेरीज आणि क्रिटिकल पाथ या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर पाहाव्या लागतात. शिवाय त्या वेळापत्रकातल्या प्रत्येक कामासमोर माणसेही मांडावी लागतात. अमुक आठवड्यात चारशे वेल्डर लागणार असतील आणि मिळणारे अडीचशे असतील, तर ती तारीख म्हणजे केवळ इच्छा ठरते. वेळ, माणसे आणि पैसा यांना एकत्र गुंफणाऱ्या या वेळापत्रकाला व्यवस्थापक ‘एकात्मिक’ वेळापत्रक म्हणतात.

व्याज झोपत नाही

हे सारे धरणाला, पुलाला, मेट्रोलाही लागू आहे. मग अणुवीज केंद्रांचे वेगळे काय? पहिले उत्तर व्याजात आहे.

अणुवीज केंद्रात इंधनाचा खर्च तुलनेने किरकोळ असतो. वीज महाग की स्वस्त हे मुख्यतः ठरते ते बांधकामाच्या खर्चावर, आणि तो बहुतांशी कर्जातून होतो. वीज विकली जाईपर्यंत परतफेड नसते, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत राहते. एक सोपे गणित करू. बारा हजार कोटींचे काम आहे. सहा वर्षांत, दर वर्षअखेर दोन हजार कोटी खर्चून ते पुरे केले, आणि व्याज दहा टक्के चक्रवाढ धरले, तर सहाव्या वर्षाच्या अखेरीस देणे होते सुमारे १५,४३१ कोटी. तेच काम बारा वर्षांत, दरवर्षी एक हजार कोटींनी केले तर देणे होते सुमारे २१,३८४ कोटी. सिमेंटची एक गोणीही महाग झालेली नाही, एक मजूरही वाढलेला नाही, तरी जवळपास सहा हजार कोटी वाढले.

त्याहून वाईट प्रकार तिसरा. सहा वर्षांत सगळे पैसे खर्चले आणि मग कागद, चाचण्या, दुरुस्ती यांत चार वर्षे भट्टी नुसती उभी राहिली, तर देणे सुमारे २२,५९३ कोटी होते. म्हणजे शेवटच्या टप्प्यातला उशीर सर्वांत महाग, कारण तेव्हा सगळे भांडवल अडकलेले असते. आणि या गणितात त्या चार वर्षांत बसून राहिलेले अभियंते, पहारेकरी, भाड्याच्या क्रेन यांचा खर्च धरलेलाच नाही.

दुसरे उत्तर आराखड्यात आहे. घर बांधताना खिडकी चार इंच सरकवायची तर गवंड्याला सांगितले की झाले. अमेरिकेत या भट्ट्यांना जो परवाना मिळाला तो आराखड्यासकट मिळाला. त्यातल्या ठरावीक गोष्टी बदलायच्या तर परवाना दुरुस्त करून घ्यावा लागतो. २०१२मध्ये ‘व्होग्टल’च्या पायात सळ्या बांधून झाल्या आणि त्यांची मांडणी मंजूर नकाशाप्रमाणे नाही असे नियामकांना आढळले. तो तिढा सुटून काँक्रीट पडायला मार्च २०१३ उजाडला. पाया हा साखळीतला पहिलाच दुवा. तिथे गेलेला महिना पुढे कुठेही भरून निघत नाही.

वेस्टिंगहाऊस कंपनीच्या ‘एपी-१०००’ या आराखड्याची जाहिरातच मुळी अशी होती की भट्टीचे मोठे भाग कारखान्यात तयार होतील आणि जागेवर नुसते जोडले जातील. काम वाचेल, दिवस वाचतील. हे भाग लुईझियाना राज्यात लेक चार्ल्स येथे तयार होऊ लागले आणि तिथेच गुणवत्ता आणि कागदपत्रे यांत अडकले. कारखान्यातून भाग न आल्याने बांधकामावरची माणसे खोळंबली. त्यातच आराखड्याचा तपशील पुरा होण्याआधी बांधकाम सुरू झाले होते. नकाशा अर्धा असेल तर कामांची यादीही अर्धीच असते, आणि यादी अर्धी असेल तर ‘किती टक्के झाले’ या प्रश्नातला छेदच माहीत नसतो. शंभर फुटांच्या भिंतीचे चाळीस फूट झाले हे कळते. भिंत किती लांब आहे हेच ठरलेले नसेल तर चाळीस फुटांना अर्थ उरत नाही.

अमेरिकेला हा धडा नवा नव्हता. १९६६ ते १९७७ या काळात सुरू झालेल्या तिथल्या ७५ भट्ट्यांचा सरकारी ऊर्जा माहिती विभागाने हिशेब काढला, तेव्हा व्याज वगळूनही प्रत्यक्ष खर्च मूळ अंदाजाच्या सरासरी तिप्पट निघाला होता.

फाटलेला अहवाल

आता पुन्हा ‘समर’कडे येऊ. तिथे नेमके काय झाले हे पुढच्या चौकशांमुळे बरेच उघड झाले आहे.

तारखा सतत सरकत होत्या, म्हणून मालकांनी २०१५मध्ये ‘बेक्टेल’ या अनुभवी बांधकाम कंपनीला प्रकल्प तपासायला बोलावले. तिचा अहवाल फेब्रुवारी २०१६मध्ये आला. आराखडा, खरेदी आणि बांधकाम यांची वेळापत्रके प्रत्यक्ष परिस्थितीशी जुळत नाहीत, आणि ठेकेदारांच्या कामाच्या पद्धतीमुळे मालकांना प्रगतीचे खरे चित्रच दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्या भाषेत सांगायचे तर तिसरा आकडा कुणाजवळ नव्हता.

बेक्टेलने भट्ट्या प्रत्यक्षात केव्हा पुऱ्या होतील याचाही अंदाज काढला होता. जाहीर तारखा होत्या २०१९ आणि २०२०च्या मध्याच्या. बेक्टेलच्या मते त्याला आणखी दीड ते तीन वर्षे लागणार होती. हा उशीर साधा नव्हता. भट्टी १ जानेवारी २०२१पूर्वी सुरू झाली तरच केंद्र सरकारची करसवलत मिळणार होती, आणि ती अब्जावधी डॉलरची बाब होती. अंतिम अहवालात वेळापत्रकाचा हा भाग नव्हता. तो वेगळा काढला गेला होता. आणि उरलेला अहवालही नियामकांसमोर आणि जनतेसमोर आला तो प्रकल्प बंद पडल्यानंतर.

वह्या वेगळ्या ठेवण्याचा याहून उघड दाखला क्वचितच सापडेल. एरवी दोन खाती आळसाने किंवा सवयीने वेगळी राहतात. इथे दिनदर्शिका मुद्दाम फाडून बाजूला ठेवली गेली.

याला कायद्याचेही खतपाणी होते. साउथ कॅरोलिनाने २००७मध्ये केलेल्या कायद्यामुळे कंपनीला भट्टी पुरी होण्याआधीच, बांधकामावरच्या भांडवलाचा खर्च ग्राहकांकडून वसूल करता येत होता. प्रकल्प मध्येच सोडला तरी झालेला खर्च वसूल करण्याची वाट त्यात होती. हेतू वाईट नव्हता. वर पाहिलेले व्याज साचू न देता ते वेळच्या वेळी फेडले तर अखेरीस वीज स्वस्त पडेल, हा विचार गणिताला धरून आहे. पण वसुली बांधली गेली ती खर्चाशी. किती खर्च झाला यावर बिल वाढत होते, किती काम झाले यावर नाही. भिंतीच्या उदाहरणात गवंड्याला फुटांवर पैसे न देता ‘जितके खर्चशील तितके घे’ म्हटल्यासारखे. मग फीत घेऊन अंगणात जाण्याची घाई कुणाला असणार?

मार्च २०१७मध्ये वेस्टिंगहाऊसने दिवाळखोरी जाहीर केली. चार महिन्यांत ‘समर’ बंद पडले. स्कानाचे प्रमुख केविन मार्श यांनी फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि २०२१मध्ये त्यांना दोन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. कंपनीचे दुसरे वरिष्ठ अधिकारी स्टीफन बर्न यांनाही पुढे तुरुंगवास झाला. प्रकल्पाच्या प्रगतीविषयी खोटे सांगणे हा या खटल्यांचा गाभा होता. वेळापत्रक या रुक्ष कागदापायी मोठ्या कंपनीचा प्रमुख तुरुंगात जावा, अशी उदाहरणे फारशी नाहीत.

ठरावीक किमतीचे कंत्राट

वाचकांच्या मनात एक प्रश्न आला असेल. एवढी कटकट करण्यापेक्षा ठेकेदाराशी एकच किंमत पक्की करून मोकळे का होऊ नये? उशीर झाला तर त्याचे तो बघेल.

फिनलंडने हेच केले. ओल्किलुओटो येथील तिसऱ्या भट्टीसाठी फ्रान्सच्या ‘अरेवा’ कंपनीशी आणि जर्मनीच्या ‘सीमेन्स’शी सुमारे तीन अब्ज युरोंचे ठरावीक किमतीचे कंत्राट झाले. २००५मध्ये बांधकाम सुरू झाले, २००९मध्ये वीज मिळायची होती. नियमित वीज मिळू लागली एप्रिल २०२३मध्ये. मधल्या काळात दोन्ही पक्ष एकमेकांवर अब्जावधी युरोंचे दावे लावून बसले, अरेवाचे तोटे इतके वाढले की फ्रेंच सरकारला पैसे ओतून तिची फेररचना करावी लागली, आणि २०१८मध्ये ४५ कोटी युरोंची तडजोड झाली. किंमत गोठवता येते, दिवस गोठवता येत नाहीत. उशिराचा बोजा फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, आणि शेवटी तो फ्रान्सच्या करदात्याच्या खिशात सापडला.

‘व्होग्टल’चे काय झाले? वेस्टिंगहाऊस बुडाल्यावर मालकांनी कारभार आपल्या हाती घेतला, बांधकाम बेक्टेलला दिले आणि प्रकल्प तडीस नेला. तिसरी भट्टी ३१ जुलै २०२३ला, चौथी २९ एप्रिल २०२४ला व्यावसायिक उत्पादनात आली. सात वर्षे उशिरा, आणि सुमारे १४ अब्ज डॉलरच्या मूळ अंदाजाऐवजी तीस अब्जांहून कितीतरी अधिक खर्चून. एकच आराखडा, तेच ठेकेदार. एकीकडे वीज आहे आणि महाग आहे. दुसरीकडे वीजच नाही.

तारापूर, कुडनकुलम, जैतापूर

या गोष्टी परदेशातल्या म्हणून सोडून देण्यासारख्या नाहीत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर याचे एक चांगले उदाहरण उभे आहे आणि एक भले मोठे प्रश्नचिन्हही.

चांगले उदाहरण तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीचे. प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या या स्वदेशी भट्ट्यांचे पहिले काँक्रीट २०००मध्ये पडले. चौथी भट्टी मार्च २००५मध्ये आणि तिसरी मे २००६मध्ये क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यात साखळी अभिक्रिया सुरू झाली. पाच-सहा वर्षांत, ठरलेल्या मुदतीआधी आणि मंजूर खर्चाच्या आत. यामागे जादू नव्हती. या प्रकल्पाची मंजुरी जुनी होती आणि पैशांअभावी बांधकाम वर्षानुवर्षे रखडले होते. त्या काळात कागदावरचे काम मात्र पुढे सरकत राहिले. भारतीय अभियंत्यांनी २२० मेगावॅटच्या भट्ट्या एकामागून एक बांधल्या होत्या, त्यामुळे बांधणाऱ्यांचे हातही बसलेले होते. पाया खणताना भिंत किती लांब आहे हे ठाऊक होते.

पण तारापूरच्या हिशेबाला एक पान जोडायलाच हवे. या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि भट्ट्या सुरू झाल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहिल्या. भट्टी वेळेआधी पुरी झाली असे म्हणताना तिच्यासाठी उठलेल्या घरांचे वेळापत्रक कुणी त्याच कागदावर मांडले होते का, हाही प्रश्न आहे. कमावलेले मूल्य फक्त यादीत लिहिलेल्या कामांचे मोजले जाते. यादीत काय लिहायचे हे मात्र गणित ठरवत नाही, माणसे ठरवतात.

उलट उदाहरण तमिळनाडूतल्या कुडनकुलमचे. रशियाच्या सहकार्याने बांधलेली तिथली पहिली भट्टी डिसेंबर २००७मध्ये सुरू व्हायची होती. ती व्यावसायिक उत्पादनात आली डिसेंबर २०१४च्या अखेरीस. पहिल्या दोन भट्ट्यांचा मंजूर खर्च १३,१७१ कोटी रुपये होता, तो २२,४६२ कोटींवर गेला. २०११-१२मधले स्थानिकांचे आंदोलन त्याला कारण होते असे सर्रास म्हटले जाते. पण मूळ तारीख त्याच्या चार वर्षे आधीच उलटून गेली होती.

आणि प्रश्नचिन्ह आहे रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरचे. तिथे सहा फ्रेंच ‘ईपीआर’ भट्ट्या उभारण्याचा बेत आहे. ओल्किलुओटोची भट्टी याच कुळातली. फ्रान्समधली फ्लामॅनव्हिलची तिसरी भट्टीही याच कुळातली. तिचे बांधकाम २००७मध्ये सुरू झाले, ती २०१२मध्ये ३.३ अब्ज युरोंत व्हायची होती, आणि डिसेंबर २०२४मध्ये तिची वीज तारांत आली तोवर खर्च त्याच्या चौपट झाला होता. जैतापूरची चर्चा आजवर भूकंप, मासेमारी, आंबा आणि भरपाई यांभोवती फिरली. ती व्हायलाच हवी. पण दिनदर्शिका आणि खातेवही यांची चर्चा तिच्या शेजारी क्वचितच ऐकू येते, आणि ती महाराष्ट्राच्या प्रत्येक वीजग्राहकाची बाब आहे.

विचारायचे प्रश्न

मोठ्या प्रकल्पाविषयी वर्तमानपत्रात येणारी बातमी बहुधा अशी असते: ‘आतापर्यंत इतके हजार कोटी खर्च, काम साठ टक्के पूर्ण.’ हे वाक्य वाचताना तीन प्रश्न मनात यायला हवेत.

पहिला: हे साठ टक्के कशाचे? खर्चाचे असतील तर ते कामाविषयी काहीच सांगत नाहीत. कामाचे असतील तर ‘झाले’ याची व्याख्या काय, आणि मोजणारा ठेकेदाराचा माणूस आहे की दुसरा कुणी? दुसरा: पहिले काँक्रीट पडले तेव्हा आराखडा किती पुरा होता? बांधकामाचे भूमिपूजन लवकर करण्यात राजकीय सोय असते, पण अर्ध्या नकाशावर ओतलेले काँक्रीट पुढे फोडावे लागते. तिसरा: उशीर झाला तर व्याज कुणाच्या खात्यात पडणार? ज्याच्या हाती काम आहे त्याच्या, की ज्याच्या हाती फक्त बिल येते त्याच्या?

साउथ कॅरोलिनात हे प्रश्न विचारण्याची यंत्रणा होती. नियामक आयोग होता, सुनावण्या होत्या, ग्राहकांच्या वतीने बोलणारे सरकारी कार्यालयही होते. दरवाढीची नऊ प्रकरणे त्या यंत्रणेतून पार पडली. तो २००७चा कायदा रद्द झाला २०१८मध्ये, भट्ट्या बंद पडल्यानंतर. स्काना पुढे दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. तिच्या ग्राहकांना काही दिलासा मिळाला, पण न बांधलेल्या भट्ट्यांचा काही भाग त्यांच्या बिलात पुढची वीस वर्षे राहील अशी व्यवस्था झाली. ज्या मुलांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता तीही मोठी होऊन त्या भट्ट्यांचे पैसे भरणार आहेत.